पाचवी ओळ

यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझे उरलेले चार दातही आजच पडोत. आंधळगावात कोणालाही विचारा. शकुनबाई फुकणी उगारून दारात उभी होती आणि तिचा टेकचंद, विमानाची इंजिनं खोलून परत जोडणारा सहा फुटी गडी, ओसरीवर एका कागदापुढे रडकुंडीला आला होता.

“माझं नाव काहाडशील तं याद राख!”

“अवो माय, आयकून तं घे...”

“काही नाही आयकत मी!” शकुनबाई असं काही कडाडली की तो आवाज आंबागडच्या किल्ल्यावर आपटून दुपारी परत आला.

गोष्ट शहाऐंशीच्या आषाढातली. पंधरा वर्षं वायुसेनेत इंजिनं दुरुस्त करून टेकचंद सुटला आणि मुंबईला विमान कंपनीत लागला. फौज सुटली तसा फौजेचा दवाखानाही सुटल्यातच जमा. कंपनीनं आजारपणाचे दोन विमे पुढे ठेवले. पहिल्यात तो, बायको आणि दोन पोरं. दुसऱ्यात पगार जास्त कापायचा, पण पाचव्या ओळीत आईचं किंवा बापाचं नाव घालायचं. टेकचंदनं दुसरा निवडला. बाप नव्हता. घोळ होता आईचा, कारण त्याला आया दोन होत्या.

जन्म दिला निर्मलाबाईनं. तिची थोरली जाऊ शकुनबाई, तिला मूलबाळ नाही, म्हणून सव्वा महिन्याचं पोर सासूनं उचलून थोरलीच्या ओटीत घातलं. ना कागद ना पत्र. पाच बायांनी कुंकू लावलं, झालं. तेव्हापासून पोसणारीला माय आणि जन्म देणारीला काकी. भरतीच्या वेळी साहेबानं आईचं नाव विचारलं तर पोरगं बेधडक ‘शकुनबाई’ बोलून मोकळं झालं.

फौजेनं शकुनबाईला फोटोचं कार्ड करून दिलं. ते दाखवून तिनं कामठीच्या फौजी दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. फाटकावरच्या जवानानं तेव्हा आपल्याला सलाम ठोकला, असं ती सांगायची. पहिल्या वर्षी जवान एक होता. पुढे त्याची पलटण झाली, आणि अलीकडे तर बँडही वाजू लागला होता.

आणि आता निर्मलाबाईच्या काळजाची झडप बिघडली. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर पुढच्या धानकापणीचं काही सांगता येत नाही. झडप म्हणजे काय हे टेकचंदला कोणी समजावायची गरज नव्हती, शेकडो बदलल्या होत्या त्यानं. पण कंपनी म्हणे, फौजेच्या पुस्तकात आई शकुनबाई, मग निर्मलाबाई कुठून आणली? तसं लिहायचं असेल तर शकुनबाईनं तहसिलीत अंगठा देऊन सांगावं की हा माझा मुलगा नाही. कागद शुक्रवारपर्यंत टपालात पडायला हवा.

“अजी, एक इंजिन खोलाले तुमाले किती वेळ लागते?” बायकोनं, चंद्रकांतेनं, चहा आदळत विचारलं.

“आठ घंटे.”

“आन् एक नाव लिवाले तीन दिवस!”

शेजारचे मारोतराव सल्ला घेऊन आले. “दोघीचंबी लिव ना गा.”

“एकच ओळ आहे काकाजी.”

“मंग बारीक अक्षरात लिव.”

टेकचंदनं कपाळाला हात लावला.

निर्मलाबाईचं तर तिसरंच. “मले काय झालं? मी ठणठणीत आहो. थोरल्या बाईचंच नाव लिव,” म्हणाली आणि ते पटवायला शेणाची टोपली उचलून निघाली. दारापाशी गेली, चौकट धरली आणि ही चौकट कोण्या सुतारानं केली, लाकूड सागाचं की बाभळीचं, असं एकेक शब्द करून विचारत राहिली, दम परत येईपर्यंत.

“जिले पाहिजे थे नाही म्हनते, जिले नाही पाहिजे थे सोडत नाही!” टेकचंद ओरडला. “याच्यापेक्षा विमान आभायात बंद पडलेलं बरं!”

“कार्ड घेऊन जाय ना बाबा,” शकुनबाई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. “चुलीत टाक. पन पोरगा नाही म्हून अंगठा? थे मले नाही जमत.”

शुक्रवार उजाडला. टेकचंदनं वैतागून पाचव्या ओळीत ‘शकुनबाई’ लिहिलं आणि भाताच्या शितानं पाकीट चिकटवलं. शकुनबाई तोऱ्यात घागर घेऊन विहिरीवर गेली.

विहिरीच्या काठावर निर्मलाबाई बसली होती. दोराचे दोन वेढे मुठीला, बादली अर्ध्यात लटकलेली. ओढायचा जीव नाही, सोडायचं मन नाही. ओठ जांभळे पडलेले.

“हाक काहून नाही मारली वो?”

“तुमचं आतमंदी... पाकीट बंद करनं सुरू होतं ना बाई. तवा कायले?”

शकुनबाईनं दोर हिसकला. दोराला, विहिरीला आणि विहीर खोदणाऱ्या आजेसासऱ्याला शिव्या घालत बादली वर काढली. घरी आली, ठेवणीतलं लुगडं नेसली, पेटीतलं कार्ड घेतलं.

“चाल रे.”

“कुठी?”

“मोहाडीले. येस्टी काय तुह्या बापाची आहे, थांबाले?”

मोहाडीला तहसिलीच्या आवारात टिकाराम अर्जनवीस झाडाखाली बसायचा. त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. “टेकचंद हा माझा मुलगा नाही. त्याच्यावर आई म्हणून माझा कोणताही हक्क नाही.”

“पुन्हा वाच.”

त्यानं वाचलं.

“गोवर निंगाला तवा एकवीस दिवस कोनाच्या मांडीवर होता, थे कुठी लिवाचं?”

“तेवढी जागा नाही बाई.”

यावर शकुनबाई हसली. अशी हसली की टिकारामचा चष्मा शाईत पडला आणि तहसिलीवरची कबुतरं जी उडाली ती थेट तुमसरला जाऊन बसली. हसून हसून तिचा हात इतका थरथरू लागला की अंगठा कागदावर टेकेना.

“हात धरा ना जरा त्यांचा,” टिकाराम म्हणाला.

टेकचंदनं तिचा हात धरला. अंगठा त्यानंच दाबला.

परतीच्या एस्टीत ती खिडकीशी बसली. कार्ड मांडीवर आणि शाईचा अंगठा बाजूला, वर धरलेला, फोटोला लागू नये म्हणून. कंडक्टर आला.

“किती?”

“दोन,” टेकचंद म्हणाला. “एक माझं, एक मायचं.”

निर्मलाबाईची झडप मुंबईला बसली. पुढे तिनं अकरा धानकापण्या पाहिल्या. आता चारच दात उरलेत, तर कबूल करून टाकते. एवढ्यातली एकच गोष्ट मी पदरची घातली. त्या दिवशी तहसिलीत शकुनबाई हसली नव्हती.