दोन ब्रेकांची गाडी

मी बोलतेय. इकडे तिकडे काय बघता? फाटकाशी उभी आहे ना, निळी, पुढच्या दिव्याखाली पोचा पडलेली, तीच मी. गाडी बोलते म्हणून दचकू नका. तुमच्या घरात दिवसभर बोलणाऱ्यांपैकी निम्मे तरी माझ्याहून कमी शहाणे असतील. आणि माझं शिक्षण म्हणाल तर पाट्यांपुरतं. 'पुढे वळण आहे', 'शाळा, हळू चालवा', 'येथे वाहने उभी करू नयेत'. एवढ्या विद्येवर मी जन्म काढला. त्यातल्या शेवटच्या पाटीखाली तर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले.

पण मी साधीसुधी गाडी नाही, हे आधीच सांगून ठेवते. इतर गाड्यांना एक ब्रेक असतो. मला दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. कारखान्यातून आले तेव्हा मलाही एकच होता. दुसरा बाईंनी बसवून घेतला, मुलीचे कान टोचून घ्यावेत तसा.

बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. लोकांना मोटार चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. या गावात जो कोणी सरळ रेषेत गाडी लावतो, तो आमच्या हाताखालून गेलेला समजा. जो वाकडी लावतो, त्याला आम्ही ओळखत नाही. न्यायाधीशसाहेब कोर्टात कसे दिसतात मला ठाऊक नाही, पण चढावर पहिल्यांदा क्लच सोडताना त्यांनी माझी सीट घामाने भिजवली होती. उंच खुर्चीवर बसणाऱ्यांचा घाम मी पाहिलाय. म्हणून मला कुणाची भीती वाटत नाही.

बाईंची एक रीत होती. शिकाऊ माणूस चालवत असताना त्यांचा पाय सतत दुसऱ्या ब्रेकवर. दिवस जायचे, आठवडे जायचे. मग एखाद्या सकाळी, मागच्या मोकळ्या रस्त्यावर, बाई काही न बोलता चपला काढायच्या, दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि सीटवर मांडी घालून खिडकीबाहेर बघत बसायच्या. म्हणजे आता ब्रेक मारायला शेजारी कुणी नाही. आता तुझं तू. आमच्याकडे हीच पदवी. सरकारी परवाना नंतर मिळायचा, पण 'बाईंनी मांडी घातली' ही बातमी त्याआधी बाजारभर झालेली असायची. स्वतःच्या पोटच्या मुलासाठी तर त्यांनी सगळ्यात उशिरा मांडी घातली. 'घरचा आहे, म्हणून दोन चुका जास्त धरते,' म्हणायच्या.

आणि एक होता बंद्या. खरं नाव असेल काहीतरी चांगलं, पण चौक आला की हा गाडी बंद पाडायचा, म्हणून बंद्या. मागून भोंगे वाजायचे, हा घामाघूम, आणि मी? मी मजेत. खोटं कशाला बोलू, एक-दोनदा तो बरोबर चालवत असतानाही मी बंद पडले. सवय मोडू नये माणसाची. त्याच्यासाठी बाईंनी शेवटी मांडी घातली तेव्हा त्याला रडू फुटलं, आणि गाडी बंद पडली.

हाच बंद्या पुढे विमा विकायला लागला आणि पहिल्यांदा आला तो आमच्याच दारात.

"बाई, डोळ्यांचा विमा. वर्षातून एकदा तपासणी. चष्मा लागला तर चष्मा, पुढेमागे ऑपरेशन निघालं तर तेही."

"माझे डोळे तुझ्या डोक्यापेक्षा बरे आहेत."

"म्हणून तर आत्ता घ्यायचा. आपटल्यावर पट्टा बांधून उपयोग नाही, हे मला कोणी शिकवलं?"

आपलंच वाक्य अंगावर आल्यावर माणूस काय करणार? बाईंनी सही केली. हप्ता नेमाने भरला. पण दरवर्षी 'डोळे तपासून घ्या' असं कार्ड आलं की त्या त्याची घडी घालायच्या आणि माझ्या डाव्या खिडकीच्या फटीत खोचायच्या. ती खिडकी वाजायची. कार्डं खोचली की गप्प.

वर्षं गेली. शिकवणी बंद झाली, माझ्या पाठीवरची लाल पाटी निघाली, आणि बाई शेजारच्या सीटवरून स्वतः चालवायच्या सीटवर आल्या. दुसऱ्या ब्रेकशेजारी आता भाजीची पिशवी बसायची. आणि गुरुवार आला की आम्ही निघायचो टेकडीवर, बाईंच्या थोरल्या बहिणीकडे. ताईंचे गुडघे कामातून गेलेले. वर बस जात नाही. ताई खिडकीत बसून रस्त्याकडे डोळे लावायच्या, आणि मी वळणावर दिसले की आतून ओरडायच्या, "आली बघा खटारा घेऊन." मग दोघी माझ्यात बसून तळ्याला फेरी मारायच्या आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या. त्या फेऱ्यांत मी जे ऐकलंय ते सांगितलं तर निम्मी लग्नं मोडतील.

मग हळूहळू गंमत सुरू झाली. म्हणजे मला आधी गंमतच वाटली. बाईंनी एकदा टपालपेटीला मान हलवून विचारलं, "काय भाऊ, बरं आहे ना?" मी हसून हसून धूर सोडला. मग माझ्या डाव्या अंगावर फाटकाचे ओरखडे उठू लागले. बाईंचं म्हणणं, फाटक फुगलंय. समोरून गाडी आली की त्या कुरकुरायच्या, "दिवे डोळ्यांत मारतात मेले. कोणी शिकवलं यांना?" शिकवलं कोणी ते मला माहीत होतं.

बाई चालवत कशा होत्या, ते फक्त मलाच कळत होतं. त्या बघून चालवत नव्हत्या. पाठांतराने चालवत होत्या. कुठे खड्डा, कुठे वळण, कुठे भिंत, सगळं इतकं घोटलेलं की हात आपोआप फिरायचे. पण पाठ केलेल्या रस्त्यावर नवं माणूस आलं तर?

आलं. बेकरीवाल्यांनी आपली बाजूची भिंत पाडून तिथून वाट काढली. एका संध्याकाळी त्या वाटेतून पाववाला सायकलवर बाहेर पडला. बाईंच्या डोक्यात तिथे अजून भिंतच होती. त्याने सायकल सोडून फुटपाथवर उडी घेतली, म्हणून वाचला. पाव रस्ताभर घरंगळले. ब्रेक लागला तो त्यानंतर. पाववालाही आमचाच जुना विद्यार्थी, मोटार जमली नाही म्हणून सायकलवर राहिलेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गुडघा झटकत तो काचेशी वाकला आणि एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. फाटकाशीच, माझ्यासमोर उभा राहिला.

"आई, किल्ली दे."

"कसली?"

"मुठीत धरलीयस ती."

"गेल्याच वर्षी परवान्याला डोळ्यांची परीक्षा पास झालेय मी. ऑफिसातल्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचली."

"पाववाला त्या ओळीपेक्षा मोठा आहे, आई."

बाईंनी मूठ पदराखाली घेतली. म्हणाल्या, "मग ताईकडे?"

"मी नेईन. रविवारी."

"ती गुरुवारी वाट बघते."

"रविवारी बघेल."

बघा, म्हातारं झालं की वाट कोणत्या वारी बघायची हेसुद्धा पोरं ठरवतात. पोरगा वाईट नव्हता. घाबरलेला होता. पण किल्ली गेली ती गेली. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. टेकडीवर ताई खिडकीत, फाटकात बाई आणि माझ्या चाकांखाली गवत. मला विकायचं ठरलं. माझ्या वयाची गाडी विकायची म्हणजे कुठे, ते मला पाटी न वाचताही कळतं.

मुलगा मला गिऱ्हाइकासाठी पुसत होता, तेव्हा बंद्या आला. पाववाल्याकडून त्याच्या कानावर गेलं होतं. मुलाने खिडकीतल्या घड्या उपसून बाहेर टाकल्या. बंद्याने एक उचलली, उलगडली आणि बघतच राहिला.

"बाई, ही तर माझी कार्डं. तुम्ही एकदाही गेला नाहीत?"

"खिडकी वाजत नव्हती त्यामुळे. तुझ्या विम्याचा तेवढा उपयोग झाला हो."

"मग आता दुसरा उपयोग करा. तपासणीला चला. पास झालात तर हा किल्ली देईल. नापास झालात तर हा म्हणेल तसं."

मुलगा म्हणाला, "कबूल."

बाईंनी पदर खोचला. "उद्याच. कोण नापास होतंय बघूच."

दुसऱ्या दिवशी मला दवाखान्याबाहेर नेमक्या 'येथे वाहने उभी करू नयेत' या पाटीखाली उभी करून मायलेकरं आत गेली. बाहेर आली तेव्हा मुलाने ओठ दातांत धरलेले आणि बाईंचं तोंड मिटलेलं. मुलगा चालवायला बसला, बाई शेजारी, आपल्या जुन्या जागी. पहिल्याच चौकात मुलाला राहवलं नाही.

"आई, काय खणखणीत वाचलंस. एक अक्षर चुकलं नाही."

"गप्प बस."

झालं होतं असं. डॉक्टरीणबाईंनी समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. बाईंनी वरपासून खालपर्यंत अक्षरं म्हणून दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, छान म्हणालात. पण या तक्त्यावर अक्षरंच नाहीत. नुसती गोल कडी आहेत, एकेका बाजूला तुटलेली. कुठल्या बाजूला तुटलंय ते सांगायचं."

अहो, शिकाऊंना घेऊन परवान्याच्या ऑफिसात बाई इतक्यांदा त्या भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या की तो तक्ता त्यांच्या कानांना पाठ होता.

वळणावर बाईंनी उगीचच दुसरा ब्रेक दाबला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला खरंच वाटलं रे, मी वाचतेय."

मुलाचं हसू तिथेच विरलं.

"बेकरीच्या भिंतीचंही तेच झालं," बाई म्हणाल्या. "मला खरंच दिसत होती ती."

निदान निघालं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिवाय डोळ्यांतला दाब वाढू लागलेला, काचबिंदूची सुरुवात. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "मोतीबिंदू काढता येतो, त्याचं काही वाटून घेऊ नका. पण काचबिंदूने नेलेली नजर परत आणता येत नाही. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने चोरतो. वेळेत आलात म्हणून थेंबांवर आवरेल. आणि दरवर्षी यायचं, मावशी. कार्ड खिडकीत घालायचं नाही." हे पोराने सांगितलं असणार, चहाडखोर.

मग काय, बंद्याचा दिवस उजाडला. विम्याची कागदपत्रं घेऊन तो दवाखान्यातून कचेरीत आणि कचेरीतून दवाखान्यात असा धावला, की या पठ्ठ्याने माझ्यात कधी चौक पार केला नव्हता यावर विश्वास बसू नये. एकदाही बंद पडला नाही. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. थेंब घालण्यावरून मायलेकांची रोज जुंपायची. आणि मग एका सकाळी बाई नवा चष्मा लावून फाटकाशी आल्या, थबकल्या, माझ्या टपावर हात ठेवला.

"अगं बाई. तू एवढी निळी आहेस?" मग वाकून नीट पाहिलं. "आणि एवढी मळकी?"

कौतुक आणि कानउघाडणी एकाच श्वासात. माझ्या बाई परत आल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी परत तपासलं, यावेळी तुटलेल्या कड्यांवरच, आणि म्हणाल्या, चालवा. पण अंधार पडायच्या आत घरी. बाईंनी हो म्हटलं. भांडल्या नाहीत. नजर आली की अक्कलही थोडी येते, माणसांची.

मुलाने ठरल्याप्रमाणे किल्ली परत दिली, माझी विक्रीही रद्द झाली. गुरुवार होता. बाई चालवायला बसल्या, आरसे नीट केले, पट्टा लावला. मुलगा शेजारी बसला. त्याचा पाय कुठे असेल? बरोबर. दुसऱ्या ब्रेकवर. गल्लीच्या टोकाला त्याने तो दाबला, पाणपोईपाशी दाबला, काही नसताना दाबला. माझा जीव मेटाकुटीला आला.

"पायाला खाज आहे का रे तुझ्या?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग ठेव बापडा. मीही ठेवला होता तुझ्या वेळी."

बेकरीची भिंत, म्हणजे नसलेली भिंत, जवळ आली. मुलाचा पाय ताठ झाला. पण त्याने दाबायच्या आधीच मी थांबले होते. बाईंनी थांबवलं होतं. वाटेतून पाववाला सायकलवर बाहेर आला, मला बघून सायकलसकट गोठला. बाईंनी हाताने खूण केली, 'जा.' तो गेला.

"चपलेचा अंगठा तुटलाय त्याच्या," बाई म्हणाल्या. "दोरा बांधून सायकल मारतोय. पडेल एक दिवस. सांगायला हवं."

मुलाने मान वळवून पाठमोऱ्या पाववाल्याकडे पाहिलं. त्याला स्वतःला दोरा दिसला नव्हता. दिसायला त्याला बरंच डोळे बारीक करावे लागले.

टेकडीचा मोकळा रस्ता लागला. आणि मला खालून आवाज आला. एक बूट पडल्याचा. मग दुसरा. पोरगा उंच, गुडघे पुढे आपटले, कशीबशी जागा करून त्याने दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून खिडकीबाहेर बघत बसला.

बाईंनी वळून पाहिलं नाही. चालवताना नजर रस्त्यावर ठेवायची असते. फक्त हात स्टिअरिंगवर जरा सैल झाले, आणि मी तो चढ तरण्या गाडीसारखी चढले. वळणावर वरून आवाज आला, "आली बघा खटारा घेऊन."

तर अशी मी. शिकवणारी गाडी, आणि शिकवणाऱ्या बाईंची गाडी. कितीतरी जणांना रस्त्याला लावलं, पण माझी छाती फुगते ती त्या एका मांडीने.

आता तुम्ही. हो, तुम्हीच. हे वाचताना कागद हात लांब करून धरलाय तो माझ्यापासून लपत नाही. 'छपाईच बारीक आहे' म्हणू नका. आमच्याकडे फाटक फुगलं होतं. जा, दाखवून या डोळे. विम्याचं कार्ड असेल घरात कुठेतरी, कशाच्या तरी फटीत. ते काढा. तुमच्याही रस्त्याला अजून बरेच गुरुवार आहेत.

माझी डावी खिडकी पुन्हा वाजायला लागली आहे, कारण यंदाचं कार्ड बाईंच्या पिशवीत असतं. वाजू दे. आणि शेजारच्या दुसऱ्या ब्रेकवर धूळ बसली आहे. गाडी पुसायला आलात तर बाकी सगळं पुसा. तेवढी राहू द्या.