दहा वाजता हलणारा पाय

सख्ख्या भावानं केसानं माझा गळा कापला. लाज त्यानं वाटून घ्यावी, सांगायला मी का लाजू?

ब्याण्णव साली माझ्या कमलचा साखरपुडा पारोळ्याच्या हिलालशी झाला. सोयरीक जुळवली माझ्या भावानं, रुपचंदनं. तो धुळ्यात एका खाजगी दवाखान्यात शेक द्यायच्या खोलीत कामाला. लग्नाला महिना उरला आणि हिलाल ट्रॅक्टरवरून पडला. मानेला मार बसला. त्याच दवाखान्यात काचेआड ठेवला, गळ्यात नळी घालून. भाऊबंद म्हणाले, सोयरीक मोडा. मी म्हटलं, आधी डोळ्यांनी बघेन. पोरगा चालणार असेल तर लेक देईन, नाहीतर नाही.

रुपचंदचा निरोप आला, अक्का, सकाळी दहालाच ये. गेले. काचेतून बघते तर पांघरुणाखाली पोराचा पाय उचलला जातोय, खाली येतोय, परत उचलला जातोय. शेजारी रुपचंद उभा, मला वाटलं देखरेख करतोय. बाई गं, मला रडूच फुटलं. तिथल्या तिथं व्याह्यांना शब्द दिला, लग्न ठरल्या तारखेलाच.

आठ दिवसांनी बस्त्याला धुळ्याला गेले, म्हटलं जावयाला बघून यावं. दुपारची वेळ. नर्सनं आत सोडलं. पाय नुसता ओंडका. हलव की रे, म्हटलं, तर बिचारा माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांत पाणी. नर्स म्हणाली, "बाई, तो पाय मशीननं हलतो. मांस झडू नये म्हणून रुपचंदभाऊ रोज दहाला करंट लावतात."

माझ्या अंगाचा भडका उडाला. रुपचंदला गाठलं, नाही नाही ते बोलले. मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, घरी जाऊन कमलला विचार.

भडगावच्या एसटीत सगळी वाट मी धुमसत होते. घरी कमल तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"माय, मामाले मीच सांगेल व्हतं, तुले दहाले बलाव. नही ते तू सोयरीक मोडी टाकती."

तो चालणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मामाला ठाऊक, व्याह्यांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला, जिनं तिला जन्म दिला.

शब्द दिला होता, लग्न लावलं. पण अजून ती दारात येऊन माय म्हणते, तेव्हा माझ्या तोंडून ओ निघत नाही.