खिडकीखालचं सॉकेट

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं तारा बांधलेल्या माणसाच्या घरात त्याचीच बायको वायरीत पाय अडकून पडावी, यासारखी नामुष्की नाही. खुब्याचं हाड मोडलं. एक्स्चेंजात त्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत, कारण त्याने बांधलेली तार कधी रेसभरही वाकडी जात नसे. घरी मात्र सगळा आनंदीआनंद: टीव्हीखाली जंजाळ, पलंगामागे चार्जरांचा गुंता आणि बायकोच्या शिलाई मशीनची वायर थेट खोलीच्या मधोमध.

मुलीने हॉस्पिटलातच बजावलं होतं. “बाबा, शनिवारी आईला घरी आणते. जमिनीवर एक जरी वायर दिसली ना, तर तशीच माझ्याकडे घेऊन जाईन. कायमची. बॅग गाडीतून काढणारच नाही.” ती बोलेल ते करणारी होती; हा हट्ट तिने बापाकडूनच उचललेला. एकट्याने चहा पिण्याचे सहा आठवडे ओळंब्याने कसेबसे ढकलले होते, उरलेला जन्म ढकलणं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

चार दिवस तो अक्षरशः रांगला. भिंतीच्या पायथ्याने वायरी झाकणारी पांढरी केसिंग-पट्टी ठोकली, राउटर कपाटाच्या डोक्यावर चढवला, एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालून स्क्रूने पक्का केला. प्रत्येक वायर लागेल तेवढीच बाहेर, उरलेली गुंडाळून डबीत बंद. लोंबती वायर म्हणजे त्याच्या लेखी चारचौघांत गेलेली अब्रू. शुक्रवारी संध्याकाळी घरात वीज आहे की नाही अशी शंका यावी, इतकी खोली स्वच्छ दिसत होती. गडी स्वतःवर जाम खूश झाला.

शनिवारी सकाळी बायको वॉकर टेकत आत आली. मुलीने पलंगाखाली वाकून पाहिलं, टीव्हीमागे हात घातला आणि हात जोडले. “बाबा, मानलं तुम्हाला!”

बायको मात्र मशीनपाशी थबकली. “हे इथे भिंतीला का?”

“इथेच तर असतं.”

“रात्री असतं, अहो. सकाळी उजेड खिडकीत येतो. मी रोज तिकडे ओढून नेते की.” ती मुलीला म्हणाली, “जरा ढकल गं.”

मशीनला चाकं होती. मुलीने ढकललं. खोलीच्या मध्यावर येताच वायर ताणली गेली, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर, बायकोच्या जायच्यायायच्या वाटेत. मुलीने पर्समधून गाडीची किल्ली काढली.

ओळंब्याचा चेहरा खर्रकन उतरला. इतकी वर्षं ‘उचल ती वायर’ म्हणून तो बायकोवर खेकसला होता. ती तिथे का येते, हे एकदाही विचारलं नव्हतं. चार दिवस त्याने भिंती मोजल्या, बायकोचा दिवस मोजलाच नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“माझं चुकलं,” तो मुलीला म्हणाला. “मला दुपारपर्यंत वेळ दे.” मग बायकोकडे वळला. “तुझा शिंप्याचा खडू कुठाय? तू दिवसभर कुठे बसतेस, कुठे उभी राहतेस, ते सगळं दाखव.”

बायको वॉकर टेकत पुढे, हा खडू घेऊन मागे. इस्त्री इथे. रेडिओ तिथे. “आणि मोबाइल ओट्यापाशी. भाजी चिरताना बहिणीशी बोलते ना मी.” प्रत्येक ठिकाणी त्याने भिंतीवर फुली मारली. तिला आज भलताच भाव मिळत होता आणि ती तो पुरेपूर वसूल करत होती.

दुपारी केसिंग-पट्टी खिडकीपर्यंत पोचली, तिथे नवं सॉकेट बसलं. मशीन खिडकीत लागलं. बायकोने दोन टिपा मारून पाहिल्या आणि मशीनच्या पाठीला आकड्यावर अडकवलेल्या वेटोळ्याकडे बोट केलं. “ही एवढी वायर मोकळी सोडलीत? तुम्ही?”

“असू दे. थंडीत ऊन त्या कोपऱ्यात सरकतं. तूही सरकशील.”

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती खाली गेली आणि बॅग वर घेऊन आली.