मधली रेघ

भाऊजी मला पाण्यात पाहतात, आणि मीही त्यांना काही कमी पाहत नाही. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, आमच्या पंख्यांच्या कारखान्याचे मालक. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, चाचणी घेतो. कारखान्यांत बसवायचा माणसाहून उंच पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, आणि हा शेजारी उभा. पंखा किती थरथरेल याचा हिशेब माझ्याकडे.

तो नीट करायला संगणकाला अख्खा दिवस लागतो. म्हणून मी त्याला एक बदली उभी केली: मोजके खरे हिशेब शिकवलेलं एक मॉडेल, जे बाकीची उत्तरं चुटकीसरशी देतं. ते थरथरीची एक रेघ काढतं आणि रेघेभोवती पट्टा. जिथे त्याला खात्री नसते तिथे पट्टा फुगतो. माहीत नसलं की ते सरळ तसं सांगतं. आमच्या सासरी ही पद्धत नाही.

या वेळी पंख्याखालचे, हादरे झेलणारे रबर भाऊजींनी स्वस्तात कुठून तरी उचलले, एक मऊ तर दुसरा दगड. इतका कडक रबर मॉडेलने कधी पाहिलाच नव्हता. वरच्या वेगाला पट्टा फुगून धोक्याच्या खुणेपलीकडे गेला. भाऊजींनी अहवालातून पट्टाच पुसून टाकला.

"मधली रेघ खुणेखाली आहे ना? मग झालं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक येऊन बसलंय."

"तिथलं त्या रेघेला काही कळत नाही, भाऊजी. थोडे दिवस द्या, खरे हिशेब करते."

"तुझं मॉडेल तुझ्यावरच गेलंय. सदा नन्नाचा पाढा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आत पंख्याशेजारी तुम्ही उभे राहा."

"दादाला कशाला? मी आहे ना," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या आणि आत गेला.

मी काचेबाहेर, पंखा बंद करायच्या लाल बटणापाशी. मागे भाऊजी गिऱ्हाइकाला रेघ दाखवत होते. वेग चढत गेला. थरथरीचा काटा खालीच होता, अगदी गरीब. पट्टा जिथून फुगायला लागतो तो वेग जवळ आला. मी बटण दाबलं.

पंखा गुमान थांबला. गिऱ्हाईक घड्याळ बघत निघून गेलं.

"बघ, बायकोने चारचौघांत नाक कापलं आपलं," भाऊजी भावाला म्हणाले.

नवऱ्याने टोप्या काढल्या. "काय होणार होतं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि बंद केलंस?"

"हो."

तो भाऊजींच्या गाडीत जाऊन बसला आणि दार धाडकन आपटलं. आपटू दे. आपटायला हात शाबूत आहेत.