सुटा खजूर

कंपाउंडरबाईंचा राग कायम नाकावर असतो, असं अख्खी इमारत म्हणायची. पण त्या मंगळवारचा राग नाकावरचा नव्हता, पार आतून आलेला होता. मुंगीला, म्हणजे त्यांच्या सात वर्षांच्या नातीला, महिन्यात तिसऱ्यांदा पोटदुखी आणि उलट्या झाल्या होत्या, आणि सूनबाईने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, "आई, उद्यापासून मुंगीच्या खाण्याला तुम्ही हात लावू नका. तुमच्या हाताला कुठलं तरी पीठ राहत असणार."

हाताला! ज्या हातांनी तीस वर्षं इस्पितळाच्या औषधखान्यात पुड्या बांधल्या, मलमं घोटली, गोळ्या वळल्या, त्या हातांना! तिथे चिमूटभर इकडचं तिकडे झालं तर माणूस जायचा. नोकरी संपून आठ वर्षं झाली, तरी बाई आजही कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या. त्यांच्यानंतर नळावर जाणाऱ्याला ताटकळत बसावं लागायचं. 'कंपाउंडरबाई' हे नाव उगाच चिकटलं नव्हतं.

मुंगीच्या आतड्यांना धान्य सोसत नव्हतं. गव्हापासून ओट्सपर्यंत सगळं सहा महिने बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केक गेला, बिस्किटं गेली. गोडाला चटावलेली म्हणून तर पोरीला मुंगी म्हणायचे, आणि आता ती शाळेतून आली की रिकामा बिस्किटांचा डबा उघडून त्याचा वास घेत बसायची. ते बाईंना बघवलं नाही. त्यांनीच शोधून काढलं: खजूर, बदाम, खोबरं आणि थोडी कोको पावडर. वाटायचं, मळायचं, वळायचं. ना ओव्हन, ना गॅस. गोळे कसे, तर औषधाच्या गोळ्यांसारखे एकसारखे, काट्यावर तोलून वीस-वीस ग्रॅमचे. त्यावर पोरगी दोन महिने ठणठणीत होती. चपला काढायच्या आधी दारातूनच ओरडायची, "आजी, आज किती?" बाई "दोन" म्हणाल्या की ती "तीन!" म्हणायची, आणि तिसरा मिळेपर्यंत त्यांच्या कमरेला लटकायची. बाईंच्या दिवसात याहून मोठं काही नव्हतं. नेमकं तेच त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

"जाऊ दे ना आई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," मुलगा म्हणाला.

"तुझ्या आईला घाणेरडी म्हणतात आणि तू जाऊ दे म्हणतोस?"

"घाणेरडी कोण म्हणालं?" एवढं बोलून त्याने मोबाईलमध्ये डोकं खुपसलं. मूग गिळून बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

रविवारी सूनबाईने स्वतः गोळे केले. नवे हातमोजे, उकळलेली भांडी, धुतलेलीच फडकी पुन्हा धुतलेली. ती शाळेत भाषा शिकवायची, आणि वर्गात पेपर चालू असल्यासारखी शांतता तिने घरभर पसरवली होती. बाई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसल्या. पान तासभर उलटलं नाही. गोळे एक लिंबाएवढा तर एक बोराएवढा झालेला त्यांनी दारातूनच पाहिला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. त्यांच्या स्वभावाला हे फार होतं.

सोमवारी दुपारी मुंगी पोट धरून घरी आली आणि दारातच तिला उलटी झाली. तिला निजवून सूनबाई बाहेर आली.

"आई, खरं सांगा. तुम्ही तिला गुपचूप काही दिलंत का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी? मी पोरीच्या जिवावर उठेन?"

"जिवावर कोण म्हणतंय? मायेपोटी एखादं बिस्किट..."

"माझी माया तोलूनमापून असते! तीस वर्षं मी..."

"तीस वर्षं, तीस वर्षं! माझी मुलगी आत तळमळतेय आणि तुम्हाला तुमच्या तीस वर्षांचं पडलंय!"

बाई आणखी भडकल्या. खोलीत जाऊन त्यांनी कपाटातला जुना पांढरा एप्रन काढला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि औषधांच्या डब्यातली आयोडीनची बाटली टेबलावर आपटली.

"बस इथे. आज सोक्षमोक्ष लावते. पीठ असेल तिथे हे औषध निळं-काळं पडतं. नसेल तर पिवळटच राहतं. माझ्यावर विश्वास नको ठेवूस, डोळ्यांवर ठेव."

कोको मुळातच काळपट, त्यात रंग कळला नसता, म्हणून ती सोडून त्यांनी तीन बश्या मांडल्या आणि प्रत्येकीत घोटभर पाणी घातलं. पहिलीत बदामाची पूड, वर थेंब. पिवळट. दुसरीत खोबऱ्याचा कीस, वर थेंब. पिवळट. मग खजुराच्या तुकड्यांची पिशवी तिसरीवर उपडी केली आणि बाईंचा हात तिथेच थांबला.

तुकडे टपटप पडत होते. एकेक, सुटे.

खजूर असा कधी पडतो का? खजूर म्हणजे एकमेकांना मिठी मारून बसलेली जात. औषधखान्यात ओल्या गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्या स्वतः वरून पूड भुरभुरायच्या, रोज, तीस वर्षं. थेंब टाकायच्या आधीच त्यांना सगळं कळलं. तरी त्यांनी टाकला. बशीतलं पाणी शाई सांडल्यासारखं झालं.

सूनबाईने पिशवी ओढून घेतली, खालची घडी उलगडली आणि खसखशीएवढी बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "तुकडे सुटे राहण्यासाठी ओट्सचे पीठ." "ही पिशवी मीच आणायला लागले. महिन्यापूर्वी. अख्ख्या खजुराच्या बिया काढताना तुमची बोटं आखडायची, म्हणून."

हे बाईंना ऐकायचं नव्हतं. सुनेला सुनवायची वाक्यं त्या आठवडाभर मनात घोळवत होत्या, एकाहून एक झणझणीत, आणि तिने ती एका दमात निकामी केली.

"मग वाचायला काय झालं होतं?" त्या ओरडल्या. "पोरांच्या वह्यांत अनुस्वार शोधतेस ना?" आणि त्याच दमात स्वतःवर उलटल्या. "आणि मी? पूड भुरभुरण्यात जन्म गेला माझा. हाताला सोपं जातंय म्हणून खूश झाले, मेली एकदाही विचार केला नाही!"

हातांची लाज राहिली होती, पण पोरीच्या पोटात ते पीठ आधी त्याच हातांनी गेलं होतं. बाईंना आता कुणावर चिडावं तेच कळेना, आणि चिडणं तर थांबत नव्हतं.

पुढच्या रविवारी अख्खा खजूर आला. दोघी समोरासमोर बसून बिया काढत होत्या. बाईंची बोटं आखडली की त्या थांबत, पण सूनबाईने पुढे केलेला हात मात्र झिडकारत. तासाभरात गोळे झाले, तोलून, वीस-वीस ग्रॅमचे. बाईंनी पहिला मुंगीपुढे धरला.

मुंगीने गोळ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"आजी, हात धुतलेस ना नीट?"

"मुंगे!" सूनबाई ओरडली. "आजीला असं विचारतात?"

"विचारू दे तिला," बाई म्हणाल्या. "तिने निदान विचारलं. तू नुसतं ठरवून टाकलंस."

बाई उठल्या, नळाशी गेल्या, कोपरापर्यंत साबण लावला आणि कातडी लाल होईस्तोवर हात घासले. मग पुसून ते मुंगीपुढे धरले. मुंगीने वाकून त्यांचा वास घेतला, रिकाम्या डब्याचा घ्यायची तसा, आणि मान डोलावली.

"आज किती?" तिने हळूच विचारलं.

"दोन," बाई म्हणाल्या आणि वाट पाहत उभ्या राहिल्या.

मुंगीने दोन खाल्ले. तिसरा मागितला नाही.