व्याह्यांसाठी सपाट वाट

बाबुरावांच्या पोटात दुखायला लागलं ते एका ईमेलमुळे. साल २००४, महिना सप्टेंबर. कोथरूडमध्ये तेव्हा गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते, आणि ज्यांची मुलं अमेरिकेत असे आईबाप आठवड्यातून एकदा तिथं जाऊन पडद्याला नाक लावून बसत. बाबुरावही त्यातलेच. संजय, त्यांचा एकुलता एक, दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी डेन्व्हरला गेला होता. एप्रिलमध्ये प्रोजेक्ट संपला की तो परत येणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे बाबुरावांच्या डोक्यात तरी ठरलेलं होतं.

सूनबाईला, कल्याणीला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं. आता कल्याणीला माहेरी आणता येत नव्हतं, म्हणून माहेरच अमेरिकेला निघालं होतं. चौदा ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपला की तिचे आईवडील विमानात बसणार होते. रीतच ती, तिच्याबद्दल बाबुरावांची तक्रार नव्हती. निदान ते तसं म्हणत असत.

संजयनं लिहिलं होतं, ‘बाबा, पप्पांना इथल्या डोंगरांत फिरवायचं म्हणतोय. दीड तासावर रॉकी पर्वतातलं नॅशनल पार्क आहे. नोव्हेंबरपर्यंत बर्फ धरायला लागतो, त्यामुळे वाटा जपून निवडायला हव्यात. ते तुमच्याइतकं कुणाला कळतं? नकाशा पाठवतोय. तीन-चार वाटा काढून द्या.’

हा पप्पा कोण, हे कळायला बाबुरावांना क्षणभर वेळ लागला. पप्पा म्हणजे वैजनाथराव, त्यांचे व्याही. निवृत्त बँक अधिकारी, गप्पिष्ट, पर्वती चढताना दोनदा बसणारा माणूस. आणि हा माणूस आता रॉकी पर्वत चढणार! कुणाबरोबर, तर संजयबरोबर. ज्या पोराला सातव्या वर्षी राजगड दाखवला, बारावी होईपर्यंत वीस किल्ले पायाखाली घालायला लावले, त्या पोराबरोबर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बाबुरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी त्यांनी कॅफेवाल्याकडून नकाशाच्या चार प्रती छापून घेतल्या.

बाबुरावांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून गेली होती. नकाशावरच्या उंचीच्या रेषा त्यांना अक्षरांसारख्या वाचता येत. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की माळ. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ते तीन दिवस त्या डोंगरात हिंडले. आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ती वाट सापडली. पाइनच्या रानातून निघणारी, दोन धबधब्यांना वळसा घालणारी, मग उघड्या खडकावरून चढत साडेअकरा हजार फुटांवर पोचणारी. तिथं सरळसोट भिंतीच्या पायथ्याशी एक एवढंसं तळं. साऱ्या जन्मात असं काही पाहिलं नाही, असं त्यांना वाटलं. आणि ते वैजनाथराव पाहणार.

इथं बाबुरावांनी काय करावं? त्यांनी लाल पेन घेतलं आणि त्या वाटेवर फुली मारली. शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘उत्तरेचा उतार, ऊन नाही, बर्फ साचून निसरडं. वर्ज्य.’ खोटं त्यात काही नव्हतं. खात्यात राहून एवढं शिकलेच होते ते, की अहवाल खरा असूनही नेमका हवा तसा लिहिता येतो. मग त्यांनी दुसऱ्या चांगल्या वाटेवर फुली मारली, तिसऱ्या वाटेवर मारली, आणि उरली ती एक तळ्याभोवतीची वाट. अगदी सपाट. अर्ध्या तासाची. नकाशाखालच्या माहितीत लिहिलं होतं की तिच्यावरून व्हीलचेअरसुद्धा जाते.

‘ही वाट उत्तम,’ त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

सुंदराबाई, त्यांच्या पत्नी, पोळ्या लाटता लाटता हे सगळं बघत होत्या.

“व्याह्यांना डोंगर दाखवायचाय की सारसबाग?” त्यांनी विचारलं.

“वयाचा विचार करावा लागतो.”

“तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत ते.”

“पोळी करपतीय,” बाबुराव म्हणाले.

नकाशा न्यायला वैजनाथराव स्वतः आले. पायात लक्ष्मी रोडवरून आणलेले नवे कोरे पांढरे बूट. “जय भीम, बाबुराव! कसे आहेत बूट?”

“जय भीम. छान आहेत. फक्त बर्फात काढून ठेवू नका, सापडायचे नाहीत.”

वैजनाथराव खदाखदा हसले. या माणसाला टोमणा लागतच नसे, आणि त्याचाही बाबुरावांना राग होता. फुल्या बघून तर ते चक्क खूश झाले. “किती काळजी घेतलीत हो तुम्ही माझी! मी मनातून घाबरलोच होतो. जावयासमोर धाप लागली तर काय घ्या.” बाबुरावांना क्षणभर लाज वाटली, नाही असं नाही. पण ती चहाबरोबर गिळली गेली.

नोव्हेंबरअखेर नात झाली. फोटो आले, पेढे वाटले गेले. त्याआधी ईमेलमधून कळायचं, या रविवारी पप्पांना पार्कमध्ये नेलं होतं. पुढच्या रविवारीही नेलं. बाबुराव मनातल्या मनात हसायचे. फिरा म्हणावं तळ्याभोवती, घाण्याच्या बैलासारखे.

एप्रिल उजाडला. वैजनाथराव परतले आणि दुसऱ्याच रविवारी चॉकलेटं, बदाम आणि नातीच्या फोटोंची थप्पी घेऊन आले. फोटो पाहून झाले. सुंदराबाई चहा टाकायला आत गेल्या, तसे वैजनाथराव पुढे सरकले.

“बाबुराव, तुमचे उपकार कसे फेडू? ती वाट निवडलीत ना तुम्ही, अगदी देखणी. पाच रविवार गेलो आम्ही. बर्फ वाढेपर्यंत.”

“पाच? अर्ध्या तासाच्या वाटेवर?”

“अहो, सपाट ना ती! चालायचे कष्टच नाहीत, त्यामुळे बोलणं. एक फेरी झाली की दुसरी. दोन-दोन तास जायचे. फार बोलतो हो तुमचा संजय.”

बाबुरावांनी फोटोंची थप्पी बाजूला ठेवली. संजय फार बोलतो? त्यांचा संजय? वीस किल्ले चढले बापलेक, आणि त्या वीस किल्ल्यांवर वीस वाक्यंसुद्धा झाली नसतील. चढावर बोलायचं नाही, दम जातो, हा बाबुरावांचाच नियम होता. पोरगं काही सांगायला लागलं की ते मागं न बघता म्हणत, श्वास सांभाळ. आणि वाटा तर नेहमी खड्या चढाच्याच निवडत.

“काय बोलायचा?” त्यांनी विचारलं.

वैजनाथराव पहिल्यांदाच घुटमळले. “तेच सांगायला आलोय. रागावू नका. तो परत येत नाहीये. तिथल्या कंपनीनं कायम केलंय त्याला, घर बघतायत दोघं. ऑक्टोबरपासून त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, वडिलांना सांग. तर म्हणाला, पप्पा, तुम्हीच सांगा. बाबांशी कसं बोलायचं ते मला येत नाही.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाबुरावांना आधी वाईट वाटायला हवं होतं ते पोरगं दुरावल्याचं. पण खरं सांगायचं तर आधी आला तो जळफळाट. डोंगराचा नव्हे. डोंगर गेला खड्ड्यात. त्या पाच रविवारांचा. समोरचा हा पर्वतीवर बसणारा माणूस त्यांच्या मुलाच्या पोटातलं सगळं ऐकून आला होता, आणि त्यासाठी वाट कुणी आखून दिली होती, तर त्यांनीच. रेघ ओढून. ‘ही वाट उत्तम.’

वैजनाथराव गेले. सुंदराबाई ऐकून थोडं रडल्या, मग म्हणाल्या, “नातीला बघायला तरी जाऊ.”

सातला नेहमीसारखा संजयचा फोन आला. एरवी बाबुराव “हवा कशी आहे” एवढं विचारून फोन बायकोकडे देत. आज त्यांनी तो दिला नाही.

“पप्पांनी सांगितलं का, बाबा?”

“सांगितलं.”

“रागावलात?”

“रागावलो.”

“बाबा, तुम्ही दोघं या ना ऑक्टोबरात. ती भिंतीखालच्या तळ्याची वाट करू, आपण दोघंच. मी गेलो नाहीये अजून तिथं. एवढ्या ठसठशीत फुल्या मारल्यात तेव्हाच कळलं मला, तुम्हाला ती किती आवडलीय.”

बाबुरावांचे कान तापले. पकडले गेले होते ते, आणि तेही पोराच्या हातून.

“ती नको,” ते म्हणाले. “ती खालची करू. सपाट.”

“ती? अहो, ती तर म्हाताऱ्यांची आहे. तिथं काय करणार तुम्ही?”

“पप्पांना किती वेळ लागायचा तिथं?”

“दोन तास. का?”

“मग आपण तीन लावू,” बाबुराव म्हणाले.