गुडघाभर आडोसा

घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्या आणि धाकट्या भावाचं बिनसलं ते शिडीवरून. शिडी एकच होती. अखेर ती मधोमध कापली. खालचा अर्धा भाग थोरल्यांकडे गेला, वरचा धाकट्यांकडे. त्याच दिवशी दोघांनी शपथ घेतली की यापुढे एकमेकांचं तोंड बघायचं नाही. पण घरं समोरासमोर, मधलं अंगण सामाईक. म्हणून हद्दीवर एका मोठ्या पिंपात ज्युनिपरचं, म्हणजे सुरूसारखं दाट वाढणारं, झाड लावलं. जावांनी शपथ घेतली नव्हती, त्यामुळे त्या झाडाला वळसा घालून एकमेकींकडे जात-येत राहिल्या.

झाड फोफावलं, छपराच्या वर गेलं. संध्याकाळी दोघे भाऊ आपापल्या बाजूला खुर्ची टाकून, झाडाकडे तोंड करून, एकमेकांना निवांतपणे दिसत नसत.

निवृत्तीनंतर थोरल्यांना बॉन्सायचं वेड लागलं. जन्मभर दुसऱ्यांच्या सहीची पत्रं टाइप केलेल्या या माणसाला, प्रदर्शनात आपल्या झाडापुढे आपल्या नावाचा पुठ्ठा एकदा तरी बघायचा होता. बॉन्साय मंडळाचे गुरुजी आले, ज्युनिपरभोवती फिरले आणि म्हणाले, बुंधा झकास आहे, वरचं सगळं फाजील. पण एकदम छाटलं तर झाड जाईल. दर मोसमात थोडं उतरवायचं, उरलेल्या टोकाची साल सोलून वीज पडल्यासारखं करायचं, आणि खालच्या एखाद्या फांदीला तार गुंडाळून तिला शेंड्याच्या जागी बढती द्यायची.

शेंड्यापर्यंत हात पोचेना. जावांनी शिडीचे दोन तुकडे दोरीने बांधून दिले. भावांनी तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

काही मोसमांच्या छाटणीनंतर उभं राहिलं की एकमेकांचं टक्कल दिसू लागलं. टक्कल म्हणजे तोंड नव्हे, असं धाकट्यांनी बायकोमार्फत कळवलं आणि थोरल्यांना ते पटलं. तरी खबरदारी म्हणून दोघांनी अंगणात उभं राहणं सोडलं. पुढच्या छाटणीला खुर्च्या गेल्या, पाट आले. मग पाटही उंच पडायला लागले. थोरले दारातून रांगत येत आणि पालथे पडून तारा गुंडाळत. पलीकडे धाकटे चटईवर पालथे पडून पेपर वाचत. पेपर घरातही वाचता आला असता, पण मग माघार घेतल्यासारखं दिसलं असतं.

अजून किती खाली जाणार हे दोघं, असं थोरल्या जावेने एकदा विचारलं.

"ते झाडावर आहे," धाकटी म्हणाली.

झाड गुडघ्याएवढं झालं, उथळ कुंडीत बसलं. गुरुजी खूश. प्रदर्शनाच्या सकाळी ते टेम्पो घेऊन आले आणि त्यांनी कुंडीला हात घातला, तेव्हा कुठे थोरल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. झाड गेलं की मध्ये काहीच उरत नव्हतं. त्यांनी पडल्या पडल्या कुंडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गुरुजींनी समजावलं, पुठ्ठा छापून झालाय म्हणून सांगितलं. थोरले कुंडी सोडेनात आणि नेऊ नका असंही म्हणेनात.

तेवढ्यात झाडापलीकडून आवाज आला.

"दादा, नेऊ दे त्यांना. मी डोळे मिटलेत."

थोरल्यांनी विचारलं, "नक्की?"

"आता त्याचीही शपथ घेऊ का?"

थोरल्यांनी डोळे मिटले आणि हात सोडले. टेम्पो गेल्याचा आवाज आल्यावर दोघे चटयांवर तसेच पडून राहिले, नाकासमोर नाक, डोळे घट्ट. प्रदर्शन कधीपर्यंत आहे, असं धाकट्यांनी विचारलं. रविवारपर्यंत, थोरले म्हणाले. इतके दिवस डोळे मिटून जमणार नाही, यावर दोघांचं एकमत झालं आणि त्यांनी पाठीला पाठ लावली. बोलायचं नाही असं शपथ घेताना काही ठरलंच नव्हतं, याची आठवणही धाकट्यांनीच करून दिली.

जावा प्रदर्शनाला जाऊन आल्या. पुठ्ठ्यावरचं नाव बरोबर आहे, अक्षर ठळक आहे, असं त्यांनी अंगणात वाकून सांगितलं. थोरल्यांना स्वतःला जाऊन बघायचंय, धाकट्यांनाही बरोबर न्यायचंय. पण आधी कोणी उठायचं, ते अजून ठरत नाही.